पहिली फोड कोणी खावी

किसना, काल तुही तेरवी झाली. लोकं जेवून गेले, भांडे घासून झाले, अन् आज तुही मोठी बहीण दुकान उघडून तुह्याशी भांडाले बसली आहे. रडून झालं माहं. आता राग तेवढा उरला, अन् तो काढू कोणापाशी? बाबा नाई, माय नाई. माहं ऐकून घेणारा तूच एक उरला होता, अन् तूही मधातच उठून गेला. भांडण अर्धं टाकून उठून जायची तुही लहानपणची खोड शेवटपर्यंत गेली नाई.

माहं अक्षर तुले माहीत आहे. बाजारातल्या पाटीवर भाव लिहिणारं अक्षर ते. जांब, पपई, संत्रा, याच्या पलीकडे त्याले काही लिहाची सवय नाई. तरी लिहून राहिली. कारण काल तेरवीत तुह्या दवाखान्याचे डाक्टरसाहेब चार शब्द बोलले, सगळ्याईनं माना हालवल्या, अन् मी गप बसली. ते गप बसणं मले पचलं नाई.

काय बोलले ते ऐक. म्हणाले, "किसनरावांनी विज्ञानाच्या यज्ञात स्वतःची आहुती दिली." आहुती! तुही बायको वत्सला पदरात तोंड घालून हुंदके देऊन राहिली होती, अन् हे यज्ञाच्या गोष्टी सांगत होते. मंग त्याईनं कागदात गुंडाळलेली एक चौकट काढली. तुह्या हाताचा पहिला एक्स-रे फोटो. पाचही बोटं सरळ, हाडं पांढरेशुभ्र, लग्नातली अंगठी त्याहून पांढरी. दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर लावू म्हणे, रोज हार घालू म्हणे. लोकाईले मोठं कौतुक वाटलं. मले असं झालं का उठावं अन् ती चौकट हिसकून घ्यावी. पण तेरवीचं जेवण पानावर होतं, पाहुणे चांदूर बाजारहून आले होते, अन् पंगतीत बाईनं आवाज चढवू नाई म्हणतात. नाई चढवला. आज मात्र बोलली. काय केलं ते सांगते, पण आधी माहं भांडण होऊ दे.

आहुती देणाऱ्याले समोर आग दिसत असते, किसना. तुले दिसत नव्हती. म्हणजे दिसायची सोयच नव्हती, कारण तुही आग दिसणारी नव्हतीच. पण सांगणारे होते ना? मी सांगतलं होतं. किरण अडवणारे शिशाचे रबरी हातमोजे एक्स-रेच्या मशीनसोबतच विलायतेहून आले होते, कपाटात होते, तेही एका परीनं सांगतच होते. तू हसला. मंग याले आहुती काहून म्हणायचं? हट्ट म्हणायचं. अन् त्या हट्टावर दवाखान्यासमोर बैलबंड्याईची रांग लागत होती, तेही म्हणायचं.

तो हट्ट तू कुठून आणला, ते मले पक्कं माहीत आहे. या दुकानातून. आता मी जिथं बसून लिहून राहिली ना, या पाटावरून.

बाबानं चांदूर बाजारची बाग काकाच्या हवाली केली अन् मोर्णेकाठी अकोल्याच्या जुन्या शहरात हे दुकान टाकलं, तेव्हा त्याले इथं कोणी ओळखत नव्हतं. नव्या माळ्याचं फळ कोण घेते? तं त्यानं एक रीत पाडली. गिऱ्हाईक आलं का पपई चिरायची, पहिली फोड त्याच्यासमोर आपण खायची, अन् दुसरी त्याच्या हातावर ठेवायची. गिऱ्हाईक बामण असो, मुसलमान असो, का तहसील कचेरीतला साहेब असो, पहिली फोड दुकानदाराची. आपल्या तोंडात जे जात नाई ते दुसऱ्याच्या तोंडात घालू नाई, असं तो म्हणायचा. एकदा चिखलदऱ्याकडून आलेल्या व्यापाऱ्यासमोर त्यानं संत्र्याची फोड खाल्ली, तोंड वाकडं केलं, अन् ती पूर्ण डाल, टोपलंभर संत्रं, गाईपुढं टाकली. तो व्यापारी मंग मरेपर्यंत आपल्याच दुकानावर आला. तू तेव्हा माह्या मांडीवर बसून हे पाहत होता. इतकंसं पोट्टं, पण सगळं पाहत होता.

मंग तू मॅट्रिक झाला, बिजलीचं काम शिकला, अन् डाक्टरसाहेबाईनं मशीन आणलं तेव्हा तुले बोलावलं. अकोल्यात बिजली येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. माणसाच्या आतलं दिसणारं मशीन आलं म्हणून गावात बोभाटा झाला, अन् लोकं पाहाले आले, पण आत कोणी जाईना. कोणी म्हणे रक्त सुकते, कोणी म्हणे आयुष्य कमी होते. नांदगाव खंडेश्वरची ती म्हातारी तूच सांगायचा. मनगट मोडलेलं, हात सुजून पायाएवढा झालेला, तरी दारातच बसली. आपले हाडं आपण जित्तेपणी पाहू नाई, म्हणे. डाक्टरसाहेब रागावले, तिचा पोरगा रागावला, म्हातारी हालेना. तेव्हा तू काय केलं? खोलीत अंधार केला, मशीन चालू केलं, अन् पडद्यामागं स्वतःचा हात धरला. पडदा हिरवट उजळला अन् त्यात तुहे हाडं दिसले. "पाह्य माय," तू म्हणाला, "हा माहा हात. मले काही झालं काय?" म्हातारी उठली अन् तुह्यामागं आत गेली.

त्या दिवशी तू घरी आला तेव्हा तुहे पाय जमिनीले लागत नव्हते. जेवतांना बाबाले सांगतलं, बाबा, आज तुही पहिली फोड दवाखान्यात कामाले आली. बाबाचे डोळे भरले. त्याले वाटलं पोराले शिकवलेलं फुकट गेलं नाई. मलेही तसंच वाटलं. खोटं काहून बोलू? आमचा किसना साहेबाईच्या मशीनवर बसला अन् तरी माळ्याचाच राहिला, म्हणून माही छाती फुगली होती.

तेव्हापासून ती रीतच झाली. पेशंट आला का पहिले किसनभाऊचा हात. कोणी भ्यालेला असो नसो, तू हात दाखवल्याशिवाय मशीन चालवत नव्हता. खेड्यावरचे लोकं तं मंग दारातूनच विचारत, हात दाखवणारा भाऊ आहे ना आज? तू सुट्टीवर असला का परत जात. डाक्टरसाहेबाईले हे चांगलं माहीत होतं. त्याईनं एकदा म्हटलं, किसनराव, मोजे वापरत जा. एकदा म्हटलं. तू म्हणाला, साहेब, मोजे घालून हात दाखवला तं लोकं म्हणतीन याले स्वतःचं भेव आहे. ते हो म्हणाले अन् दुसऱ्या कामाले लागले. एकदा सांगणं अन् न सांगणं यात फरक काय रे? आपण गाईले वावरातून हाकलतो तरी चारदा हाकलतो.

आता आपलं भांडण. ते चुलीपाशी सुरू झालं होतं, आठवते काय? हिवाळा होता, तू परसात शेकोटीपाशी पाठ शेकत बसला होता अन् मी भाकरी टाकत होती. तू मोठ्या हुशारीनं सांगत होता का हे सगळं एकाच मायचे लेकरं आहेत. सूर्याचा उजेड, शेकोटीची धग, रेडिओच्या लहरी, अन् तुह्या मशीनचे किरण. सगळे उजेडच, फक्त कोणाची लहर लांब, कोणाची आखूड. रेडिओच्या लहरी सगळ्यात लांब अन् आळशी, घरातून आरपार जातात पण कोणाच्या वाटेले जात नाईत. मंग धग. मंग इंद्रधनुष्यातले रंग, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत, आपल्याले तेवढेच दिसतात. जांभळ्याच्या पलीकडं आणखी एक न दिसणारा भाऊ आहे, वावरात कातडी काळी करते तो. अन् त्याच्याही पलीकडं तुहा तो, सगळ्यात आखूड अन् सगळ्यात जोरकस. मले खरंच मजा वाटत होती ऐकून. असं समजावून सांगणारं आपल्या घरात दुसरं कोण होतं?

मी विचारलं, तवा लाल झालेला नसला तरी त्याची धग दुरून हाताले लागते, ते काय? तू म्हणाला, बरोबर, तोही न दिसणारा उजेडच. मंग मी म्हटलं, पण ती धग हाताले समजते म्हणून हात मांगं येते. तुह्या मशीनचं हाताले समजते काय? तू म्हणाला, काहीच समजत नाई बाई, गुदगुलीही होत नाई. मी म्हटलं, मंग हात मांगं कसा येईन? तू भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याले लावला, अन् म्हणाला, "जे समजतच नाई ते लागन कसं?"

मी गप नाई बसली. मी म्हटलं, ऊन लागतांना कुठं समजते, दिवसभर वावरात निंदून घरी आलं का संध्याकाळी अंगाची आग होते. अन् तूच सांगते ना, फोटोची फिल्म काळ्या कागदात गुंडाळून ठेवली तरी तुहे किरण आत जातात अन् तिले करायचं ते करतात? लाल दिव्याखाली फिल्मले काही होत नाई, पांढऱ्या दिव्याखाली नासते, अन् तुह्या किरणानं तं कागदातही काळी पडते. इतकं ज्याच्या अंगात आहे ते तुह्या कातड्याले सोडून देते काय? तू उठला. हात धुतले. म्हणे, बाई, तू रेडिओलेही भेते, तुह्याशी काय बोलावं.

हाव, भेत होती मी रेडिओले. लढाईच्या बातम्या ऐकाले हाटेलात गर्दी व्हायची त्या दिवसात तू कोणाचा तरी बिघडलेला रेडिओ दुरुस्तीले घरी आणला, अन् मी त्याच्यावर गोधडी टाकून पोरीले दुसऱ्या खोलीत निजवलं, तं तू पोट धरून हसला होता. आल्यागेल्याले सांगत सुटला, आमच्या बाईनं रेडिओले पांघरूण घातलं, त्याले थंडी वाजत होती म्हणून. रेडिओचं तुहं खरं निघालं. त्यानं कोणाचं काही केलं नाई. पण एका गोष्टीत मी येडी ठरली म्हणून तू माहं दुसरं ऐकलंच नाई, हा कोणता न्याय आहे? तुले जितकं ठाऊक होतं तितक्यानं तुह्या डोळ्यावर पट्टी बांधली. मी अडाणी होती म्हणून मले भेव तरी वाटत होतं.

मंग तुहा हात खराब व्हायले लागला. पहिले कातडी कोरडी पडली, भेगा गेल्या. तू म्हणे, फोटो धुवायच्या औषधानं होते. मी खोबरेल तेलात हळद कालवून पाठवायची. नखं ठिसूळ झाले. बोटाईवर चामखिळीसारखं काही उगवलं. भाकरी मोडतांना तू डाव्या हातानं मोडायले लागला अन् वत्सलेनं ते पाहिलं, पण तुह्यासमोर बोलायची तिची काय बिशाद? ती माह्याकडे यायची. मी तुले विचारलं का तू इंद्रधनुष्य काढायचा. मंग बोटावर जखम झाली, अन् ती काही केल्या भरेना. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एक बोट काढलं. पुढच्या वर्षी दुसरं. तिथल्या डाक्टरानं तुले साफ सांगतलं का हे मशीनचं आहे. मले वत्सलेनं सांगतलं. तू नाई सांगतलं.

अन् तरी. अन् तरी तू परत जाऊन त्याच खोलीत उभा राहिला. लोकं म्हणतात, मोठा धीराचा माणूस. मी त्या दिवशी डबा घेऊन आली होती. दार लोटलेलं होतं, आत अंधार. मी फटीतून पाहिलं तं पडदा हिरवा उजळला होता, अन् त्यात पाच बोटाईचे हाडं होते. मले क्षणभर वाटलं, अरे, किसनाचे बोटं परत आले. मंग उमगलं. तो डावा हात होता.

मी तो डबा तिथंच ठेवला अन् बाहेर ओट्यावर बसली. तू आला. मी म्हटलं, किसना, हे काय करून राहिला तू? तू माह्याकडे पाहिलं नाई. म्हणाला, "बाई, उजवा दाखवला तं लोकं भेतीन. दोन बोटं नाईत ना त्याले. डावा साबूत आहे."

या एका वाक्यासाठी मी तुले कधी माफ करणार नाई. तुले भेव नाई वाटलं, हे मी समजू शकते. तुले माहीत नव्हतं, तेही समजू शकते. पण त्या दिवशी तुले माहीत होतं. उजवा गेला, कशानं गेला ते माहीत होतं, अन् तू विचार काय केला, तं लोकाईचं कसं होईन. अन् वत्सलेचं? माहं? ज्या लोकाईसाठी हात दाखवला, त्यातला एकजण तरी नागपूरले तुह्या उशाशी बसला होता काय?

पण थांब, असं म्हणून मलेच पुढं जाता येत नाई. कारण माही मंगला. तिनं कानातलं गिळलं होतं, आठवते? मी बाजारातून रडत, धावत आली होती, पोरीले कडेवर घेऊन. ती त्या अंधाऱ्या खोलीले पाहून किंचाळायले लागली. तू खाली बसला, तिच्या उंचीचा झाला, अन् पहिले तुहा हात दाखवला. बोटं हालवले. हाडाईचे बोटं नाचतांना पाहून पोट्टी रडतारडता हसली. मंग तिच्या पोटात ते कानातलं दिसलं, खाली सरकलेलं. तू म्हणाला, काही करायचं नाई बाई, केळ चारत राय, आपोआप पडन. पडलं. मंगलाचं आता लग्न ठरून राहिलं आहे. तिच्या साखरपुड्याले मामा नाई.

तं मी तुह्या मशीनले शिव्या कशी देऊ? मोडलेले हात सरळ बसले त्याच्यामुळं. बंदुकीची गोळी कुठं अडकली ते दिसलं, छातीतला डाग वेळेवर दिसला, लोकं आपल्या पायानं घरी गेले. मशीन चांगलंच आहे. तूही चांगला होता. चांगल्या मशीनवर चांगला माणूस बसला अन् मेला, अन् कोणाले जाब विचारावा तं सगळे चांगलेच. याचाच तं संताप येते मले.

शेवटी काखेत गाठ आली तेव्हा तुले मुंबईले नेलं. तिथं त्याच किरणानं गाठ भाजतात म्हणे. ज्यानं मारलं त्यालेच औषध म्हणून आणलं. तू परत आला अन् खाटेवर पडून मले सांगाले लागला, तिथलं मशीन किती मोठं आहे, मोजमाप कसं करतात. डोळे चमकत होते तुहे, गावातली जत्रा पाहून आलेल्या पोराचे चमकतात तसे. मंग बोलताबोलता तू म्हणाला, "बाई, तिथं मशीन चालवणारा माणूस शिशाच्या भिंतीमांगं उभा राहते."

इतकंच. मंग तू खिडकीकडे तोंड केलं. तुह्या सगळ्या जन्मात तू माह्यासमोर हरल्याचं कबूल केलं ते एवढंच. मी वाट पाहत बसली का आता तू म्हणशीन, बाई, तुहं खरं होतं. मी देवाची शपथ सांगते, तू तसं म्हटलं असतं तं मी म्हटलं असतं, नाई रे बाप्पा, माहं काय खरं, मी तं रेडिओलेही भेते. हे मी जिभेवर तयार ठेवलं होतं. तू बोललाच नाई. मलेच मंग पाण्याचा तांब्या भराले उठा लागलं.

आता आजचं सांगते.

सकाळी मी दवाखान्यात गेली, ती चौकट नोको असं सांगाले. हार घातलेला हात रोज पाहाची ताकद वत्सलेत नाई, अन् माह्यात तं अजिबात नाई. आत गेली तं तुह्या जागेवर अमरावतीहून आणलेला नवा माणूस होता. सुधाकर नाव त्याचं. चाळिशीचा असन, कपाळावर गंध, गरीब चेहऱ्याचा. समोर चांदूर बाजारकडचा एक म्हातारा कास्तकार बसला होता, बैलानं पाय मोडलेला, दोन पोराईनं धरून आणलेला. सुधाकर त्याले आत या म्हणत होता, अन् म्हातारा त्याच्या हाताकडे पाहत होता.

"पहिले तुमचा हात दाखवा," म्हातारा म्हणाला. "किसनभाऊ दाखवत होते."

खोलीत आणखी लोकं होते. सगळे सुधाकरकडे पाहाले लागले. त्यानं डाक्टरसाहेबाईकडे पाहिलं. डाक्टरसाहेब टेबलावरचे कागद सरळ करत होते. सुधाकरनं बाही वर सारली. पाचही बोटं होते रे त्याले, लांबसडक, अंगठी घातलेले.

मले तेव्हा काय झालं ते सांगता येत नाई. मी त्या माणसाचं मनगट धरलं. परक्या पुरुषाचं मनगट, भर दवाखान्यात. म्हटलं, थांबा. मंग तुहं ते कपाट उघडलं. कुठं काय ठेवते ते मले माहीत होतं, किती वर्षं डबा आणला मी तिथं. मोजे तसेच होते, घडी न मोडलेले. त्याच्याखाली फिल्मा. डाक्टरसाहेबाईच्या चौकटीतला पहिला हात सगळ्याईनं पाहिला होता. शेवटचा हात कोणी पाहिला नव्हता. मुंबईले जायच्या आधी डाक्टरसाहेबाईनं काढलेला. मी तो घेतला अन् खिडकीत उन्हापुढं धरला.

तीनच बोटं. अन् त्यातल्या एकाचं टोक उंदरानं कुरतडल्यासारखं. म्हातारा पुढं वाकून पाहत होता.

मी म्हटलं, "हा पाहा किसनभाऊचा हात. तुमाले दाखवून दाखवून असा झाला. माहा भाऊ आहे तो. काल त्याची तेरवी झाली."

म्हाताऱ्याच्या तोंडावर जे आलं ते मी तुले सांगू शकत नाई. त्यानं कानाले हात लावला. त्याचा काय गुन्हा, त्यानं रीत तेवढी पाहिली होती. मंग तो अगदी हळू बोलला. टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. आपल्याच भागातला माणूस तो, फळाच्या बाजारात जन्म गेलेला, बाबाची रीत त्याले माहीत होती. म्हणाला, "मंग पहिली फोड कोणी खावी, बाई?"

"खाऊन झाली," मी म्हटलं. "माह्या भावानं सगळ्याईच्या वाटची खाल्ली."

सुधाकरनं मोजे घातले. नवे कोरे, ताठ, त्याले बोटं वाकवता येईनात. म्हातारा पोराईच्या आधारानं उठला अन् आत गेला. मी डाक्टरसाहेबाईकडे वळली. राग मावत नव्हता माह्यात, पण आवाज चढला नाई, कोण जाणे काहून. म्हटलं, साहेब, भिंतीवर काही लावू नोका. हा खिडकीच्या काचेले लावा, दारातून येणाऱ्या माणसाले दिसन असा. हार नोको. अन् मोजे न घालता कोणी मशीन चालवतांना मले दिसलं, तं मी रोज येऊन दारात बसीन. माहं दुकान जवळच आहे. ते काही तरी म्हणत होते, किसनराव म्हणजे माझ्या भावासारखे. मी म्हटलं, भाऊ असते तं चारदा सांगतलं असतं. फोटो त्याईनं माह्यासमोर काचेले लावला.

मले वाटलं होतं, हे केलं का राग जाईन. नाई गेला.

तिथून आली अन् दुकान उघडलं. इतके दिवस बंद होतं तं फळ सारं पिकून गेलं होतं. पहिलंच गिऱ्हाईक आलं, लेकरू घेतलेली एक बाई, कोणत्या तरी खेड्यावरची, मले न ओळखणारी. पपई पाहून उभी राहिली. मी पपई चिरली अन् माहा हात थांबला. ती बाई माह्या तोंडाकडे पाहत होती. या दुकानाची रीत तिनं ऐकलेली असन. मी पहिली फोड तोंडात टाकली.

गोड होती, किसना. इतकी गोड का माहे डोळे भरून आले. सडकी असती तं जिभेले समजलं असतं, मी थुंकून टाकली असती, डाल गाईपुढं केली असती. बाबानं तुले शिकवलं ते इथं खरं होतं. मी दुसरी फोड तिच्या हातावर ठेवली अन् तोंड फिरवून बसली, अन् मनात तुह्या त्या उजेडाशी भांडत राहिली. तुहा उजेड भिंतीतून गेला, कागदातून गेला, हाडापर्यंत गेला, एवढं सगळं येत होतं त्याले. मेल्याले थोडी चव काहून नव्हती रे?